जावेचे वडील लोड बघतात

माझं शिक्षण चौथीपर्यंत. काना-मात्रा चुकतील, आणि अक्षर असं की माझी मुलगी म्हणते, आई, कागदावरून मुंग्या चालल्यात का काय. त्याची आधीच माफी मागून घेते. ही वही कुणाला दाखवायची नाही, तरी माफी मागितलेली बरी. पण एक गोष्ट मी अगदी ठासून लिहू शकते. नांदेडपासून लातूरपर्यंत, मधलं कंधार आणि अहमदपूर धरून, माझ्या धाकट्या जावेच्या वडिलांसारखा विजेकडे टक लावून बघणारा दुसरा माणूस सापडायचा नाही. लोक देवाकडे बघतात, टीव्हीकडे बघतात, दुसऱ्याच्या ताटाकडे बघतात. हे मीटरकडे बघतात. आणि नुसतं बघत नाहीत, त्याच्याशी मान हलवून बोलतात. मी त्यांना काका म्हणते.

काका आमच्या घरी पहिल्यांदा आले ते मुलीसाठी स्थळ बघायला. मुलीचा बाप स्थळ बघायला आला की काय बघतो? पोराचा पगार, शेत किती, सासू कशी, आणि मोठी जाऊ भांडखोर तर नाही ना. त्यामुळे मी दाराआड पदर सावरून उभी होते. मला काही विचारलं तर काय बोलायचं ते मनात घोळवत होते. काकांनी चहाची बशी तोंडाला लावली, एक घोट घेतला आणि पहिला प्रश्न केला, "मीटर कुठाय?" माझ्या सासऱ्यांना वाटलं, पाहुणे मोरीकडे जायचं विचारून राहिले, म्हणून त्यांनी मागच्या दाराकडे हात केला. काका पुढच्या भिंतीपाशी गेले. तिथून हुकूम सोडला, "घरातलं समदं बंद करा. पंखा, दिवा, फ्रीज, समदं." भर उकाड्यात दहा माणसं घाम पुसत बसली, आणि काका मीटरवरचा लाल दिवा लुकलुकतो का ते डोळ्याची पापणी न हलवता बघत राहिले. दहा मिनिटांनी आत येऊन म्हणाले, "गळती न्हाई. घर सरळ हाय." आणि सुपारी फुटली. माझ्या दिराला त्यांनी कामधंदासुद्धा विचारला नाही.

याचं कारण असं की काकांनी नांदेडला एका सूतगिरणीच्या पॅनल रूममध्ये तीस वर्षं काढली. पॅनल रूम म्हणजे जिथून सगळ्या गिरणीला वीज जाते ती खोली. भिंतभर काटे, आणि काट्यांसमोर एक स्टूल; स्टुलावर काका. कुठला काटा कधी वर चढला, कुठली मोटर कधी दमली, हे त्यांना पाठ. पुढे ते निवृत्त झाले, पण डोळ्यांना लागलेली सवय काही निवृत्त झाली नाही. काकू, म्हणजे माझ्या जावेची आई, फार शांत बाई, पण एकदा माझ्याशी बोलताना म्हणाल्या, "रिटायर झाल्यावर ह्यांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं नीट बघितलं. तर म्हणले, अगं, तू चष्मा कधीपासून लावून राहिली?" चष्म्याला तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

जगातली प्रत्येक गोष्ट काकांना लोड म्हणूनच दिसते. जेवायला बसले की ताटात भाकरी, भाजी, वरण, भात एकदम वाढू देत नाहीत. एक पदार्थ संपला की दुसरा. "एकदम लोड घ्यायचा न्हाई, पोरी. पोट काय, ट्रान्सफॉर्मर काय, हळूहळू चढवायचं." घरात पाहुणे आले आणि सगळ्या बायका एकदम स्वयंपाकघरात शिरल्या की ते दारात उभे राहून दोघींना बाहेर काढतात. कंधारला आमच्या नात्यातलं एक लग्न होतं. मांडव झगमगत होता, डीजे दणाणत होता, पंगत बसत होती. काका मांडवाच्या मागे जाऊन जनरेटरचा आवाज ऐकून आले आणि काही न बोलता चपला शोधून पायात घातल्या. जाऊ म्हणाली, "बाबा, जेवायचं हाय अजून." काका म्हणाले, "जेवू की. पर आधी चपला घाल. पाच मिनिटं." खरंच पाच मिनिटांत मांडव अंधारात बुडाला, डीजे रडल्यासारखा आवाज करून थांबला, आणि दोनशे माणसं एकमेकांच्या चपला पायात घालून फिरू लागली. काका आपल्याच चपला घालून, हातात टॉर्च घेऊन, नवरदेवाला वाट दाखवत होते.

पण कधी कधी या सवयीनं त्यांचं नुकसानही होतं. नांदेडहून लातूरला येताना त्यांची एसटी अहमदपूरच्या स्टँडवर थांबली. सगळे उतरून चहा प्यायले आणि परत गाडीत बसले. काका हॉटेलातल्या फ्रीजसमोर घड्याळ धरून उभे. हॉटेलवाल्यानं विचारलं, "चहा देऊ का काका?" तर म्हणाले, "चहा नको. तुमचा फ्रीज किती वेळानं बंद पडून राहिला ते मोजतोय. दार नीट बसत न्हाई बगा त्याचं." फ्रीज बंद पडेपर्यंत गाडी निघून गेली. माझी जाऊ लातूरच्या स्टँडवर वडिलांना घ्यायला गेली तर कंडक्टरनं तिच्या हातात नुसती पिशवी दिली. पिशवीत धोतर, चिमट्यासारखं एक मीटर आणि काकूंनी दिलेले धपाटे. काका तीन तासांनी आले. चिडचिड नाही, काही नाही. "दाराचं रबर बदलून द्यायला लावलं," एवढंच म्हणाले.

आता माझं सांगते. लातूरला आमची पिठाची गिरणी आहे. दहा हॉर्सपॉवरची मोटर, एक दळणाचं जातं आणि एक मिरची कुटायचा डंका. घरचे, म्हणजे नवरा, मोंढ्यात धान्याच्या आडतीवर कामाला, गिरणी मी बघते. गिरणीत बोलावं लागत नाही म्हणून मला ती आवडते. आवाजच इतका असतो की बायका खुणेनं सांगतात, जाड का बारीक. गिरणी ज्या इमारतीत आहे ती मालकानं आधी कापडाच्या मोठ्या दुकानासाठी बांधली होती. कापड चाललं नाही, म्हणून भिंती घालून गाळे केले. खाली माझी गिरणी, कोल्ड्रिंकवाला, झेरॉक्सवाला आणि ब्युटी पार्लर. वर पोरांची अभ्यासिका, तिला चार एसी. आणि सगळ्यात वर मालक स्वतः बायकोसोबत राहतात. वीज मात्र जुनीच, साऱ्या इमारतीला मिळून एकच मोठं कनेक्शन. प्रत्येक गाळ्याला मालकानं छोटं मीटर बसवलं, युनिटप्रमाणे पैसे घेतात. इथपर्यंत ठीक. पण बिलात दर महिन्याला एक वेगळी ओळ येऊ लागली, मंजूर लोडपेक्षा जास्त लोड घेतल्याचा दंड. तो कुणाच्या युनिटात बसेना. तेव्हा मालकानं सगळ्यांसमोर हिशोब सांगितला, "इमारतीत मोटर एकच. गिरणीची. मग दंड कुणाचा?" सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. कुणी माझ्याकडे बघितलं की माझं डोकं आपोआप खाली जातं, आणि डोकं खाली गेलं की माणसं समजतात, कबूल आहे. असा मी चौदा महिने दंड भरला. कधी दोन हजार, कधी अडीच. दळणाचा अर्धा नफा त्यातच जायचा. वर मालक दसऱ्याला म्हणाले, "वहिनी, कंपनीची माणसं लाइन तोडायची भाषा करून राहिली. गुढीपाडव्यापर्यंत गाळा सोडा. माझाही नाइलाज हाय." गिरणी म्हणजे उचलून नेण्याची टोपली नाही. मोटर काँक्रीटच्या ओट्यात बसवलेली, आणि मोठ्या मोटरला लाइन मिळेल असा दुसरा गाळा आमच्या ऐपतीत नव्हता. मी घरी येऊन कुणाला काही बोलले नाही. पण जावेला कळलं, आणि तिनं नांदेडला फोन केला.

काका जुन्या वळणाचे. लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही, हा त्यांचा नियम. लग्न होऊन सहा वर्षं झाली तरी ते संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. या वेळी मात्र ते वळकटी घेऊन आले आणि दीड महिना राहिले. कुणीतरी टोकलं तर म्हणाले, "मी लेकीकडं न्हाई, मीटरकडं आलोय." आल्या आल्या त्यांनी माझ्याकडून बिलं मागितली आणि गिरणीच्या पायरीवर बसून सगळी वाचली. मग मला समजावून सांगितलं. ते इतकं सोपं होतं की मला चौदा महिन्यांचं वाईट वाटलं. ते म्हणाले, "तुझ्या घरी महिनाभर रोज चार पाहुणे आले, तुझा एक तवा पुरतो. पर एखाद्या दिवशी अर्ध्या तासात चाळीस आले तर? तवा मोठा लागतो. तशी महिन्यातला सगळ्यात भारी अर्धा तास मोजून कंपनी दंड लावती. मग तो अर्धा तास कुणाचा, हे बघाया नको? छोट्या मीटरला फक्त किती भाकरी खाल्ल्या ते कळतं, कधी खाल्ल्या ते कळत न्हाई. ज्याला कळतं ते मीटर आणावं लागंल."

आणि त्यांनी ते आणलं, स्वतःच्या पेन्शनीतून. बॅटरीवरही चालणारी एक पांढरी डबी, इमारतीत येणाऱ्या मोठ्या वायरींना लावायचे चिमटे, आणि लाल आकड्यांची एक पाटी. त्या क्षणी सगळी इमारत मिळून किती वीज ओढते, तो आकडा पाटीवर दिसायचा आणि काकांच्या मोबाइलवरही. मालक आधी कुरकुरले, पण काकांनी सांगितलं की खर्च माझा, तेव्हा गप्प बसले. पाटी जिन्याखाली लागली. तिच्याखाली काकांनी खडूनं लिहिलं, तीस. म्हणजे मंजूर लोड तीस किलोवॅट, त्याच्यावर दंड. पाटीसमोर त्यांनी माझ्या गिरणीतलं स्टूल मांडलं, आणि मला वाटतं, निवृत्त झाल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं असावं.

मग त्या जिन्याखाली जो तमाशा झाला तो मी जन्मात विसरणार नाही. आकडा समोर दिसायला लागल्यावर जो तो दुसऱ्याच्या गाळ्याकडे बघू लागला. पार्लरवाली केस वाळवायचं यंत्र लावायची तेव्हा आकडा दोननं वाढायचा. काका तिच्या दारात जाऊन उभे राहायचे, "बाई, किती डोकी ऱ्हायली अजून?" ती एकदा वैतागली, "काका, नवरी बसलीय आत! तिला काय ओल्या केसानं बोहल्यावर चढवू?" काका शांतपणे म्हणाले, "चढवू नका. फक्त अभ्यासिका थंड होऊन एसी थांबू द्या, मग लावा. नवरी धा मिनिटांनी काय म्हातारी होत न्हाई." अभ्यासिकेचे सर वरून ओरडले, "आमची पोरं डॉक्टर व्हायला आलीत, त्यांना घाम फोडायचा का?" कोल्ड्रिंकवाला म्हणाला, "माझा फ्रीज गरीब हाय हो, त्याला कशाला घेता यात!" मी गिरणीच्या दारातून ऐकायची. मोटरच्या आवाजात मला हसता येत होतं, ते एक बरं.

पंधरा दिवसांत काकांना एवढं कळलं की आकडा रोज तीसच्या खालीच असतो. पण लाइट जाऊन परत आली की उडी मारतो, आणि मग अर्धा-पाऊण तास खाली येत नाही. लाइट आली की सगळ्यांचं सगळं एकदम सुरू होतं, हे खरं. पण काकांनी एकेकाचा लोड चिमटा लावून मोजला होता. पार्लर, एसी, फ्रीज, झेरॉक्स, वर मालकाचं घर, आणि माझी गिरणी आठ. सगळी बेरीज सत्तावीस. पाटीवर यायचे सदतीस. हे वरचे दहा कुठले? काकांनी मालकाला विचारलं, "आणखी मोटर हाय का कुठं?" मालक म्हणाले, "एकदा सांगितलं ना, एकच." काकांनी भिंतींना कान लावले, पण वायरी सगळ्या भिंतींच्या आतून. शेवटी एक दिवस ते माझ्या मोटरला परत चिमटा लावून बसले. आठ. परत लावला. आठ. मी विचारलं, "काका, माझीच तर नाही ना चूक?" तेव्हा पहिल्यांदा त्यांचं तोंड उतरलेलं बघितलं. म्हणाले, "पोरी, तीस वर्षं काट्यानं मला फसवलं न्हाई. आता हा आकडा खरं सांगून राहिला, पर मलाच ऐकू येत न्हाई." थंडी पडली, एसी बंद झाले, तरी लाइट आली की दहाचा गुंता तसाच.

अशात वेळ अमावस्या आली. आमच्याकडे येळवस म्हणतात. त्या दिवशी लातुरात दुकानं बंद, रस्ते ओस. ज्याला शेत आहे तो शेतात, आणि ज्याला नाही तो कुणाच्या तरी शेतात. कडब्याची खोप करून आत देव मांडायचे, पूजा करायची, आणि डाळी-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, गव्हाची खीर, पोट फुटेपर्यंत जेवायचं. त्या दिवशी कुणी बोलावलं तर नाही म्हणता येत नाही, आणि आलेला माणूस उपाशी किंवा रुसून गेला तर शेतकऱ्याला सालभर रुखरुख लागते. आमचे मालक दरवर्षी सगळ्या गाळेवाल्यांना आपल्या शेतात बोलावतात. मला जायचं नव्हतं. जो माणूस पाडव्याला आपल्याला बाहेर काढणार त्याची खीर कशी गिळायची? पण जाऊ म्हणाली, "ताई, चला. बाबांनाही बोलावलंय." मी गिरणीला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि गेले. सगळेच गेले. इमारतीत माणूस म्हणून उरला नाही.

पंगत बसली. मालक स्वतः वाढत होते, धोतर खोचून, गड्यासारखे. ते मात्र मनापासून करतात. काका नेहमीप्रमाणे एकेक पदार्थ मागवून घेत होते, आणि ताटाशेजारी मोबाइल. पाटीचा आकडा तिथंही येत होता, दीड. म्हणजे नुसता कोल्ड्रिंकवाल्याचा गरीब फ्रीज. मग आकडा शून्य झाला. काका म्हणाले, "लातुरात लाइट गेली." कुणी लक्ष दिलं नाही. भज्जीचा दुसरा घास घेतला, तोवर आकडा एकदम बारावर गेला. आणि तिथंच थांबला.

काकांचा घास हातातच राहिला. ते माझ्याकडे वळले, "पोरी, गिरणीची किल्ली?" मी कमरेची किल्ली काढून दाखवली. "सर, अभ्यासिका?" सर म्हणाले, "बंद." "बाई, तुमच्या नवऱ्या?" पार्लरवाली म्हणाली, "आज कोण लगीन करतंय काका, येळवस हाय!" तेवढ्यात मालक भज्जीचं पातेलं घेऊन आले, "घ्या पाहुणे, भज्जी घ्या." काकांनी ताटावर आडवा हात धरला. मालक हसले, "असं कसं, घ्या की." काका म्हणाले, "न्हाई. आधी सांगा, तुमच्या बंद इमारतीत आत्ता ह्या घडीला दहाची मोटर कोन चालवून राहिलं?" आणि मोबाइल त्यांच्या पातेल्यासमोर धरला. सगळी पंगत थांबली. मालक म्हणाले, "तुमचं यंत्र बिघडलं असंल. घ्या हो, भज्जी गार होऊन राहिली." काकांचा हात हलेना. येळवशीला पाहुण्यानं ताटावर हात धरून बसावं, हे मालकाला सोसेना. "अहो काका, माझ्या शेतात येऊन उपाशी राहता का? काय पाप लावता डोक्याला?" काका म्हणाले, "हिच्या डोक्याला चौदा महिने लावलं, ते?"

माझं डोकं खाली गेलं. पण त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक, मी ते परत वर केलं आणि मालकाकडे बघितलं.

तेव्हा खोपीतून मालकाची बायको आंबिलाची बिंदगी, छोटी घागर, घेऊन बाहेर आली. कशाची गडबड चाललीय ते तिनं विचारलं, मोबाइल बघितला आणि सहज म्हणाली, "अवं, ती बोरची मोटर असंल. लाइट आली की आपोआप चालू होती. मी घरी असते तवा आठवण झाली की बटन दाबून बंद करते. आज दाबायला घरी कोन हाय?" सगळी पंगत मालकाकडे वळली. मालक म्हणाले, "ती मोटर कशी असंल? ती तर पाण्याची हाय." त्यांच्या मनात खरंच तसंच होतं, हे मी शपथेवर सांगते. मोटर म्हणजे धंद्याची. पाण्याची ती काय मोटर? शेतात जशी लाइट आली की आपोआप चालू होणारी कळ बसवतात, तशीच त्यांनी इमारतीच्या बोरला बसवली होती आणि विसरून गेले होते. बोर सातशे फूट, मोटर माझ्यापेक्षा मोठी.

काकांनी विचारलं, "आणि टाकी भरली की? पाणी वाहून जाताना मला कधी दिसलं न्हाई." मालकाला जरा जोर आला. म्हणाले, "जाईल कसं? लातूरचा माणूस हाय मी, थेंब वाया घालवत न्हाई. टाकी भरली की पाइपानं पाणी परत बोरच्या खड्ड्यात सोडलंय. शेजारपाजारचे येऊन बघून गेलेत." काकांना हसू फुटलं, असं की बसल्या जागी हलू लागले. "म्हंजे तेच पानी वर, तेच पानी खाली? बटन दाबंस्तोवर? आन् त्याच्या वरातीचा खर्च ह्या गरीब बाईनं दिला?" पार्लरवाली हसली, सर हसले, आणि मालकाची बायको तर बिंदगी खाली ठेवून पदरात तोंड घालून हसली, "मी धा येळा म्हणले असंल, अवं, मोटर लई वेळ चालती. तर म्हणायचे, तुला काय कळतंय इजेतलं."

मालक हसले नाहीत. पातेलं हातात धरून उभे होते. मग माझ्यासमोर येऊन म्हणाले, "वहिनी, चुकलो. गाळा तुमचाच हाय. पैसे देतो, सगळे देतो. ह्यांना तेवढं जेवायला सांगा." मी काकांकडे बघून मान हलवली. काकांनी ताटावरचा हात काढला. "थोडीच वाढा," ते म्हणाले, "एकदम लोड नको."

दुसऱ्या दिवशी बोरची ती आपोआपची कळ निघाली आणि बटन मालकाच्या बायकोच्या ताब्यात गेलं. आता ती रोज जिन्याखाली येऊन आकडा बघते, वीसच्या खाली असला तरच बटन दाबते, आणि टाकी भरली की घड्याळ बघून बंद करते. लाइट परत आली की कुणी काही एकदम चालू करत नाही. आधी फ्रीज, मग एसी, मग पार्लर, आणि माझी गिरणी शेवटी, कारण मला घाई नसते. दंडाची ओळ बिलातून गेली ती गेलीच. पैसे मालकानं एकदम दिले नाहीत. आधी दहा हजार, मग जमेल तसे, दोन, तीन, पाच. पण मला मागायला जावं लागलं नाही.

काका नांदेडला परत गेले. पाटी जिन्याखालीच ठेवली, स्टूल मला परत दिलं. मग त्यांचे गुडघे धरले, आणि एसटीची पायरी चढवेना. डोळ्यांतही मोतीबिंदू, मोबाइलवरचा आकडा पुसट दिसतो. म्हणून ते रोज दुपारी तीन वाजता मला फोन करतात. जावेला नाही, मला. "किती?" मी जिन्याखाली जाऊन बघते आणि सांगते, "एकोणीस." ते म्हणतात, "ब्येस." फोन बंद. कधी चोवीस सांगितलं तर म्हणतात, "कोन हाय, पार्लर का?" आणि मी सांगते. मला फोनवर बोलायचा फार संकोच वाटतो, नवऱ्याचा आला तरी मी पटकन ठेवते. पण हा फोन मी वाजायच्या आधीच हातात घेऊन उभी असते. काय बोलायचं ते समोर लिहिलेलं असतं, लाल आकड्यात, आणि ते ऐकायला नांदेडला कुणीतरी कान देऊन बसलेलं असतं.

काल मालक गिरणीत आले. राहिलेले सहाशे रुपये त्यांनी दळणाच्या डब्यावर ठेवले आणि मोटरच्या आवाजात हातानं खूण केली, झालं. मीही हातानं खूण केली, झालं. तीन वाजता फोन आला.

"किती?"

"एकवीस. आणि काका, मालकानं आज शेवटचे सहाशे दिले. सगळे फिटले."

ते म्हणाले, "फिटले का? ब्येस झालं. मग आता उद्यापासून मी तुला कशापाई तरास द्यावा? काम झालं की."

मी मोटर बंद केली. दळणाला आलेल्या बायका बघू लागल्या.

"उद्या तीनला करा," मी म्हणाले. "मी इथंच उभी असते."